रंगाची अट

उन्हाळ्याच्या सुटींत भाचा चंद्रपुरास आला तो एका अजगराचें छायाचित्र घेऊनच. पश्चिम आफ्रिकेंतला हा लहानसा अजगर भ्याला म्हणजे चेंडूसारखें वेटोळें करतो. नवनव्या रंगांसाठीं हौशी लोक त्याच्या मुद्दाम जोड्या जुळवितात.

"मामा, अंगावरची ही कोळिष्टकासारखी जाळी पाहा! २०२२ च्या कायद्याप्रमाणें नोंद करून एक पाळीन म्हणतों."

आमच्या रानांतल्या अजगराचा रंग पाचोळ्यांत मिसळून त्यालाच राखतो. हा रंग मात्र केवळ पाहणाऱ्याकरितां. ज्या आनुवंशिक गुणानें ही जाळी उमटते, त्यानेंच जनावराचा तोलही बिघडतो. डोकें डुलत राहतें. जाळी ठेवून दोष तेवढा वगळणें हौशी लोकांस साधलेलें नाहीं. हें सारें सांगून मी म्हणालों, "अरे, केवळ रंगासाठीं जीव निपजवावा का?"

भाचा हंसला. "मग माझ्यासाठीं मुली पाहतांना आईनें पहिली अट गोऱ्या रंगाची कां घातली?"

मी उत्तर शोधूं लागलों, आणि आठवलें: तीस वर्षांपूर्वीं हिचें स्थळ आलें तेव्हां मींही पत्रिकेआधीं रंगच विचारला होता. ही समोरच भाजी निवडीत बसली होती. तिच्याकडे पाहण्याचें धैर्य त्या संध्याकाळीं मला झालें नाहीं.