लोड लावून मोज

पुण्यात गुरुवार हा वीज जाण्याचा वार. महावितरणची देखभाल-दुरुस्तीची कामं बहुधा त्या दिवशी निघतात, त्यामुळे धायरीत आमच्या सोसायटीतले लोक मिक्सर, वॉशिंग मशीन सकाळीच उरकून घेतात. आमच्या घरात तयारी थोडी वेगळी असते. बाबांना फुप्फुसांचा फायब्रोसिस आहे. रात्रभर आणि दिवसाही बराच वेळ त्यांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. हे यंत्र खोलीतली हवा ओढून तिच्यातला नायट्रोजन अडवतं आणि ऑक्सिजन नळीतून देतं. आमच्या यंत्राला साधारण साडेतीनशे वॅट लागतात. म्हणून इन्व्हर्टर, आणि १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी. बारा गुणिले दीडशे, म्हणजे कागदावर अठराशे वॅट-अवर. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज वजा केली आणि बॅटरी तळापर्यंत उतरवायची नाही हे पथ्य पाळलं, तरी तीन तास निघायला हवेत.

गेल्या जुलैतल्या एका गुरुवारी चार मिनिटं निघाली.

आधी इन्व्हर्टर किंचाळला, मग कॉन्सन्ट्रेटर. कपाटामागे छोटा सिलिंडर होता, पण त्याची चावी कुठे ठेवली ते मला आठवेना. आईला आठवलं. नळी जोडेपर्यंत बाबांच्या बोटावरचा ऑक्सिमीटर ८१ वर आला होता. वीज आल्यावर मी बाल्कनीत जाऊन पाहिलं, तर इन्व्हर्टरवर बॅटरी भरल्याचा हिरवा दिवा अर्ध्या तासात लागलासुद्धा.

ज्यांच्याकडून बॅटरी घेतली होती, त्यांचा माणूस संध्याकाळी आला. मीटर लावून म्हणाला, "बॅटरी बसली. चार वर्षं झाली ना? जुनी द्या, नवी घ्या." मी लगेच हो म्हटलं. ८१ हा आकडा बघितलेला माणूस घासाघीस करत नाही.

बाबा आतून म्हणाले, "थांब."

दम लागतो म्हणून बाबा हल्ली दोन-तीन शब्दांत बोलतात. त्यांची नोकरी टेलिफोन खात्यात झाली, त्यातली बरीच वर्षं एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये. शहरातली वीज गेली तरी फोन चालायचा, त्याचं कारण ती खोली. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल एका ओळीत, मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट. कुठल्या सेलमधल्या ॲसिडची घनता किती, हे रोज नोंदवहीत लिहायचं. लहानपणी त्यांच्या पँटला बारीक भोकं पडलेली असायची, ती ॲसिडची. 'थिंबल बघ' असं ते मला जूनमध्येच म्हणाले होते. मी 'बघतो' म्हणालो होतो. आजारी माणसाच्या शंभर सूचनांमधली एक म्हणून सोडून दिली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांना खुर्चीसकट बाल्कनीच्या दारात आणलं. मी मीटर बॅटरीला लावला. साडेबारा व्होल्ट. म्हणजे ठीकच की.

"लोड लावून मोज."

इन्व्हर्टरचा मेन्सचा प्लग काढला. कॉन्सन्ट्रेटर धोक्यात घालायचा नव्हता, म्हणून दोनशे वॅटचे जुने बल्ब लावले. इन्व्हर्टरच्या टोकाला मोजलं तर आकडा दहाच्या आसपास घसरला. मी म्हटलं, बघा, बसलीच आहे.

"तिथे नको. खांबावर."

बॅटरीच्या शिशाच्या खांबावर थेट टोकं टेकवली. बारा. तोच लोड, तीच बॅटरी, आणि दीड हात वायरीच्या दोन टोकांत दोन व्होल्टचा फरक. मग बाबांनी बोटाने दाखवलं: मीटरचं एक टोक खांबावर, दुसरं त्याच खांबावर बसवलेल्या थिंबलवर. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, तिथे आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. पॉझिटिव्हला जवळजवळ अख्खे दोन व्होल्ट तिथेच गळत होते. प्लास्टिकची टोपी काढली तर आत हिरवट-निळी भुकटी. ॲसिडची वाफ आणि पावसाळी दमट हवा मिळून तांब्याचं हे असं करतात.

सगळा उलगडा त्या एका सांध्यात होता. चार्जिंगच्या वेळी इन्व्हर्टर स्वतःच्या टोकाला व्होल्टेज बघतो. सांध्यात अडथळा असला की तिथलं व्होल्टेज लवकर चढतं, इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी भरली, तो करंट आखडता घेतो आणि हिरवा दिवा लावतो. बॅटरी अर्धपोटीच राहते. अशी महिनोन्महिने राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात, ते नंतर सहज विरघळत नाहीत. पंखा आणि दोन दिव्यांना थोडाच करंट लागतो, म्हणून रात्री वीज गेली तरी आम्हाला काही कळलं नव्हतं. कॉन्सन्ट्रेटरला तीस अँपिअर लागले, तेव्हा कळलं. आणि नवी बॅटरी आणली असती, तर तीही त्याच थिंबलला जोडली गेली असती.

इन्व्हर्टर बंद केला, अंगठी काढून ठेवली, आधी निगेटिव्ह सोडली, मग पॉझिटिव्ह. खाण्याचा सोडा घातलेलं कोमट पाणी, जुना टूथब्रश, पॉलिश पेपर. नवी थिंबल दाबून बसवली, नट आवळला, वरून व्हॅसलीन. सांध्यावरचा फरक मीटरवर दिसेनासा झाला. हायड्रोमीटरने बघितलं तर घनता ११८० होती, रात्रभराच्या चार्जिंगनंतर पाच सेल १२२५ पर्यंत चढले. सहावा ११९० वरच अडला. बाबा म्हणाले, "तो गेला." म्हणजे बॅटरी बसली होती हेही खोटं नव्हतं, पण ती का बसली ते कुणी विचारलं नव्हतं. नवी बॅटरी आलीच, मात्र ती चांगल्या सांध्यावर आली. सिलिंडरची चावी आता त्याच्याच गळ्यात बांधलेली असते.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी बाबांना दवाखान्याच्या बोळात सहा मिनिटं चालवलं. खुर्चीत बसलेले असताना ऑक्सिमीटर ९४ दाखवत होता. चौथ्या मिनिटाला ८३ झाला आणि चाचणी थांबवली. मी रोज सकाळी ते खुर्चीत असताना विचारायचो, "कसं वाटतंय?" ते म्हणायचे, "बरं आहे." मी तो हिरवा दिवा समजून ऑफिसला निघायचो. बाथरूमपर्यंत जाऊन येताना ते मध्ये भिंतीला हात लावून उभे राहतात, हे आईला माहीत होतं. मी तिलाही कधी विचारलं नव्हतं.

आता बुधवारी रात्री मी वही काढतो. रकाने बाबांनी आखून दिलेत: सहा सेल, खांबावरचं व्होल्टेज, लोडवरचं व्होल्टेज. नववा रकाना मी वाढवला, बाथरूमहून आल्यावरचा ऑक्सिमीटर. पहिल्यांदा वही पाहिली तेव्हा त्या रकान्यावर त्यांचं बोट थोडा वेळ थांबलं. मग म्हणाले, "पाणी कधी घातलंस? तारीख लिही."