दोन्हीकडे प्लग असलेली वायर

खाली दवाखान्यात उपकरणं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह लावला की वर देवघरातला पिवळा बल्ब लख्ख उजळायचा. स्वयंपाकघरातला पंखा गरगरायला लागायचा आणि त्याच वेळी खाली, पेशंट बसतात तिथला पंखा मलूल व्हायचा. सासूबाईंना यात काही वावगं वाटत नव्हतं. उजेड वाढला तर वाढला. मी लक्ष घातलं ते वरचे एलईडी दिवे एकामागून एक जायला लागले आणि टीव्हीनं मान टाकली तेव्हा.

हडपसरला ससाणेनगरच्या बाजूला आमचं जुनं घर आहे. खाली माझा दवाखाना, वर आम्ही. दवाखाना सुरू करताना थ्री-फेज मीटर घेतलं होतं. एक फेज खाली, एक वर आणि तिसरीवर एसी अन् पाण्याचा पंप. काही बिघडलं की कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातला मुलगा यायचा. कामसू होता, बोलावलं की हजर. दिवा गेला की दिवा बदलायचा, बटण गेलं की बटण. या वेळी मात्र त्यानंही हात टेकले. “मॅडम, लाइनच खराब आहे. स्टॅबिलायझर लावून टाका.”

त्यातच जनरेटर रुसला. हा जनरेटर लोडशेडिंगच्या काळातला. साधारण 2005 नंतर महाराष्ट्रभर तासन्‌तास वीज जायची, ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना सांगायला नको. पुण्यात तर 2006 साली कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवायचे, तेवढी वीज शहराला सोडायची आणि त्याचा जादा खर्च वीजबिलातून भरायचा अशी योजनाही निघाली होती. तिचं ‘पुणे मॉडेल’ म्हणून नाव झालं. पण आमच्या फ्रिजमधल्या लसींना मॉडेलच्या भरवशावर ठेवता येत नव्हतं. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी. पोलिओची तोंडावाटे द्यायची लस उष्णतेनं निकामी होते, तर कावीळ ‘ब’ची गोठली की वाया जाते. म्हणून तेव्हा पेट्रोलवरचा छोटा जनरेटर घेतला. पुढं लोडशेडिंग संपलं. जनरेटर मागच्या पडवीत ताडपत्रीखाली राहिला. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असली की तेवढा बाहेर निघायचा. आता तो दोरी ओढली की सुरू व्हायचा, धडधडायचा, पण वीज काही द्यायचा नाही.

औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यातून निवृत्त झालेले एक पेशंट आहेत. बीपी तपासताना त्यांच्यापुढं मी हे रडगाणं गायलं. ते म्हणाले, “डॉक्टर, दुकानातला नको. परमिटवाला बोलवा. मी पाठवतो.”

माझं वैद्यक परिषदेचं नोंदणीपत्र दवाखान्याच्या भिंतीवर आहे. त्या नोंदणीशिवाय मला कुणाच्या बोटाला टाका घालता येत नाही. विजेच्या कामालाही असाच कायदा आहे, हे मला त्यांनी पाठवलेल्या माणसाकडून कळलं. आयटीआयमध्ये तारतंत्री म्हणजे वायरमन आणि वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, हे दोन वेगळे, दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम असतात. पुढं उमेदवारी, मग तारतंत्रीचा परवाना, त्यावर पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र आणि त्याही वर ठेकेदाराचा परवाना. 1956 च्या भारतीय वीज नियमांत होतं आणि आजच्या सुरक्षा नियमांतही आहे की, दिवा, पंखा, फ्यूज, बटण असलं काही जुनं काढून नवं बसवायचं तर परवाना लागत नाही. पण वायरिंगमध्ये भर घालायची, बदल करायचा, तर काम परवानाधारक ठेकेदारामार्फत आणि प्रमाणित पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. म्हणजे दुकानातला मुलगा दिवे बदलत होता तोवर सगळं नियमात होतं. त्याच्यापुढचं काम आपण त्याच्याच गळ्यात घालतो, तिथं गडबड होते.

सकाळी हे परमिटवाले आले. पन्नाशीचे, सासवडकडचे, सोबत आयटीआयचा एक शिकाऊ पोरगा. पिशवी उघडण्याआधी त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. दिवे कधी उजळतात? रोज की ठरावीक वेळी? खाली काय लावल्यावर? पंप चालू असताना काय होतं? पेशंटची हकीकत घेताना मी याच क्रमानं जाते, त्यामुळं मला माणूस तिथंच पटला. ऑटोक्लेव्हचं ऐकल्यावर ते शिकाऊ पोराकडं वळले. “काय असंल?” पोरगा म्हणाला, “न्यूट्रल.” 

मग त्यांनी मला ते उमजेल असं सांगितलं. तीन फेजा तीन वाटांनी येतात, परतीची वाट मात्र तिघींना एकच, न्यूट्रल. तिचा जोड ढिला झाला की घरातला समतोल जातो. ज्या फेजवर भार जास्त, तिथला दाब पडतो. बाकीच्या दोघींवर चढतो. ऑटोक्लेव्ह दोन हजार वॉटचा. तो लागला की खालचा पंखा रेंगाळणार आणि वर देवघर उजळणार. मीटर लावून त्यांनी दाखवलं. घरात 230 व्होल्टच्या आसपास असायला हवं, तर खाली 180 आणि वर 270. न्यूट्रल पुरता सुटला असता तर वरचा आकडा साडेतीनशेच्याही पुढं गेला असता आणि फ्रिजपासून मोबाइलच्या चार्जरपर्यंत सगळं एका फटक्यात जळालं असतं. स्टॅबिलायझर लावून हे झाकलं असतं, बरं झालं नसतं.

काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी फ्यूजच्या तिन्ही ग्रिपा काढल्या आणि स्वतःच्या पँटच्या खिशात ठेवल्या. मी विचारलं, टेबलावर का नाही? “टेबलावरची कुणीही उचलून लावतंय,” ते म्हणाले. “खिशातली लावायला मला विचारावं लागंल.” मग टेस्ट लॅम्प लावून वीज खरंच गेली का ते बघितलं, नुसत्या टेस्टरवर त्यांचा विश्वास नव्हता.

दोष मीटरच्या अलीकडं, आमच्याच हद्दीत निघाला. जुन्या लोखंडी मेन स्विचमध्ये न्यूट्रलची वायर नुसती पिळून स्क्रूखाली दाबलेली होती. वर्षानुवर्षं तापून तिचं आवरण तपकिरी, ठिसूळ झालं होतं. जळका भाग कापून, लग दाबून त्यांनी नवा जोड केला, मेन स्विच बदलला. पुन्हा ऑटोक्लेव्ह लावला, तेव्हा देवघरातला बल्ब होता तसाच राहिला. सासूबाईंना तो आता मिणमिणता वाटायला लागला.

जनरेटरचं दुखणं निराळं. जुनं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये सुकून चिकटा झाला होता, तो पोरानं जेट काढून साफ केला. वीज न येण्याचं कारण मला फार गमतीचं वाटलं. अशा जनरेटरच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं, त्याच्या जोरावर पहिली वीज तयार होते आणि मग गाडी पुढं चालते. महिनोन्‌महिने पडून राहिलं की ते चुंबकत्व विरतं. मग इंजिन कितीही फिरो, हाती शून्य. त्यांनी नियंत्रकाच्या वायरी सोडवल्या, बारा व्होल्टच्या बॅटरीची दोन टोकं क्षणभर ब्रशांना टेकवली, आणि पुढच्या खेपेला मीटरचा काटा उठला. “महिन्याला दहा मिनिटं तरी चालवत जा. मोकळा नको, थोडा लोड देऊन. आणि पडवीतसुद्धा नको, अंगणात. धूर आत आला तर काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार!”

दुपार झाली होती. लसी सकाळीच आइसपॅकच्या डब्यात भरून शेजारच्या डॉक्टरांच्या फ्रिजला पाठवल्या होत्या, त्या परत आणायच्या होत्या. मी म्हटलं, जनरेटर जोडून एकदा बघू. आमच्या सिस्टरनी नेहमीची वायर आणली. दोन्ही टोकांना प्लग. एक जनरेटरमध्ये, दुसरा दवाखान्यातल्या सॉकेटमध्ये. कित्येक वर्षांपूर्वी जनरेटर बसवणाऱ्यानं ती करून दिली होती आणि सॉकेटवर कागद चिकटवला होता: ‘आधी मेन बंद करणे.’

त्यांनी वायर हातात घेतली आणि म्हणाले, “ही मी लावणार नाही.”

“मेन बंद करतोच आम्ही.”

“करता. पण एखाद्या दिवशी सिस्टर नसतील, नवी मुलगी असेल, पेशंटला चक्कर आलेली असेल. तेव्हा?”

जनरेटर चालू असताना त्या वायरचा दुसरा प्लग सॉकेटातून निसटला तर त्याच्या उघड्या पिनांमध्ये वीज असते, हे मला दिसत होतं. त्यापुढचं दिसत नव्हतं, ते त्यांनी सांगितलं. मेन चालू राहिला तर आपली वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर अकरा हजार व्होल्टचे घरापुरते करतो. उलट्या बाजूनं वीज आली तर तो घरच्या विजेचे अकरा हजार करतो. आमचा एवढासा जनरेटर अख्ख्या गल्लीचा भार पेलणार नाही, बसेल. पण बसण्याआधीचा क्षण असतोच. आणि खांबावरून आमचीच लाइन सोडवून कुणी काम करत असेल तर भार नसतोच. जनरेटर मजेत चालत राहतो आणि वीज थेट त्या माणसाच्या हातात. गुरुवारी जनरेटर निघतो, म्हणजे नेमका लाइनमन खांबावर असतो तेव्हाच. महावितरण त्याला जनमित्र म्हणतं. त्याच्यासाठी 4 मार्चला लाइनमन दिवसही असतो.

विजेनं भाजलेले हात मी पाहिलेत. आत जाताना एक जखम, बाहेर पडताना दुसरी, आणि मधल्या वाटेवर काय काय शिजलंय ते वरून कळत नाही. मी वाद घातला नाही.

मग माझ्याच प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर हिशेब झाला. जनरेटर दोन केव्हीएच्या आसपास. त्यावर लसींचा फ्रिज, तपासणीच्या खोलीतले दिवे-पंखे, वर घरचा फ्रिज आणि वायफाय. ऑटोक्लेव्ह नाही, गीझर नाही. पंपही नाही, कारण मोटर सुरू होताना चालताना लागतो त्याच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. एवढ्या सर्किटांचा वेगळा बोर्ड केला आणि त्याला चेंजओव्हर स्विच. खटका एका बाजूला म्हणजे महावितरण, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मध्ये बंद. फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो. दोन्ही एकदम जोडायचे म्हटले तरी जोडता येत नाहीत. कागद वाचायची आणि लक्षात ठेवायची गरजच उरली नाही.

बोर्डावर त्यांनी आरसीसीबीही बसवला. त्याच्या डबीवर 30 मिलिअँपिअर लिहिलेलं बघून मला माझं शरीरक्रियाशास्त्राचं पुस्तक आठवलं. साधारण त्याच्या पुढचा प्रवाह अंगातून वाहत राहिला की हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती सुरू होते. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत तेवढा फरक पडला की हा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पुरवठा तोडतो. एमसीबी वायर वाचवतो, हा माणूस वाचवतो, असं पोरानं सांगितलं. नंतर आर्थिंग मोजलं, मेगरनं वायरिंगचं इन्सुलेशन तपासलं आणि सगळे आकडे एका कागदावर लिहून खाली ठेकेदाराच्या परवान्याचा क्रमांक घातला. नवी वीजजोडणी घेताना असा टेस्ट रिपोर्ट आपण जोडतो. त्यामागं खरंच कुणीतरी मोजमाप करायचं असतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

बिल दुकानातल्या मुलाच्या मजुरीच्या मानानं चांगलंच जड होतं. स्विच किती, वायर किती, मजुरी किती, सगळं वेगळं मांडलेलं. शेजारचे म्हणाले, एवढं कशाला? आमच्याकडं अजून दोन प्लगची वायर आहे, इतकी वर्षं काही झालं नाही. बीपीच्या गोळ्या सोडणारे पेशंटही मला हेच ऐकवतात.

आता कुणी वायरमनचा नंबर मागितला तर मी देते. सोबत एवढं सांगते की, हा माणूस आल्या आल्या तुम्हाला कशाला तरी नाही म्हणेल. रागावू नका, कशाला नाही म्हणतोय ते नीट ऐका. त्याच्या मजुरीतला निम्मा भाग त्या नकाराचा आहे आणि तो वसूल होतो.