दोन घागरी पाणी

आमच्या शाळेत माझी एक ओळख होती. काय चुकले ते सरांना विचारा, लगेच सांगतील! मला त्याचा अभिमान वाटे. वेळापत्रक लागले की चूक काढायची, प्रशिक्षणाहून आलो की तिथल्या जेवणाला नावे ठेवायची, नव्या शिक्षिकेच्या फळ्यावरच्या वेलांट्या मधल्या सुट्टीत मोजायच्या. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे टीकेला शब्दही दुप्पट.

2016 चा एप्रिल होता. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. 12 एप्रिलला आलेल्या पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. इकडे चाकूरलाही घागरी रांगेत लागलेल्या.

एके दिवशी शाळेत खिचडी उशिरा आली. मी मुलांसमोरच म्हणालो, "मावशी, आधीच उशीर, त्यात तांदूळही नीट धुतलेला नाही."

मावशी काही बोलल्या नाहीत. पदराने घाम पुसून वाढत राहिल्या. नंतर शिपाईमामा हळूच म्हणाले, "सर, बोअर आटून तीन दिवस झाले. मावशी घरून दोन घागरी आणतात, म्हणून चूल पेटते."

संध्याकाळी मगरिबला अम्मीने तांब्याभर पाणी पुढे ठेवले. "इत्तेमेंच वुजू कर ले बेटा, और नइं है." तेवढ्यात वुजू झाला. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द, म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीएवढ्या पाण्यात वुजू करीत, ही हदीस मी वर्गात कितीदा सांगितली होती. स्वतः मात्र वर्षानुवर्षे नळ मोकळा सोडून वुजू केला, आणि त्याबद्दल एकदाही शुक्र केला नाही.

त्या रात्री सूरह हुमजह आठवली. दुसऱ्याचे दोष काढत फिरणाऱ्याला तिथे केवढा इशारा आहे! आणि जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, हीदेखील प्रेषितांचीच शिकवण. मावशींच्या घागरींतून आलेली अल्लाहची नेअमत मी खाल्ली होती आणि वर नावेही ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मुलांसमोरच मावशींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या सर, लेकरायच्या पोटात गेलं, बास झालं."

मग मुख्याध्यापकांकडे पाण्यासाठी लेखी अर्ज दिला. तीन दिवस आटलेला बोअर मला, सगळ्या चुका दिसणाऱ्याला, दिसलाच नव्हता. चूक दिसली तर बोलू नये असे नाही. पण जो ती दुरुस्त करू शकतो त्याच्याशी बोलणे ही इस्लाह आणि चहाच्या कपाबरोबर त्याच्यामागे बोलणे ही गीबत, एवढा फरक उशिरा का होईना, कळला.

सवय अजून पूर्ण गेलेली नाही. जीभ सळसळते. तेव्हा आधी एक नेअमत मोजतो, मग तोंड उघडतो. बहुतेक वेळा तक्रार तिथेच विरते. अल्लाह आपल्या सर्वांना शुक्रगुजार बनवो. आमीन.