काळीतले घर आणि काळीचे गणित

वाचकहो, शिरूरहून दौंड तालुक्यात कधी आडवाटेने गेला आहात काय? नसाल, तर वैशाखात एकदा जाऊन या. घोडनदीकाठचे शिरूर सोडले की न्हावऱ्यावरून वाट दक्षिणेला उतरते. आधी मुरमाड माळ लागतो. भीमा जवळ येते तशी माती काळी होत जाते. दोन्ही तालुक्यांच्या मधून भीमाच वाहते. पूल ओलांडून पारगावच्या अंगाला आलात की डावी-उजवीकडे ऊस आणि मध्येच एखादे कोरडे रान. त्यातल्या भेगांत हात घालून पाहा, कोपरापर्यंत जाईल.

तिथे एका वस्तीवर आम्ही पाणी प्यायला थांबलो. घर नवे, विटा-सिमेंटचे. पण खिडकीच्या कोपऱ्यातून जोत्यापर्यंत तिरपी चीर गेलेली. घरधनी म्हणाले, "पावसाळ्यात मिटते, उन्हाळ्यात उघडते. आषाढात तर दारच लागत नाही." कारभारीण म्हणाली, "आयुष्याची पुंजी घातली हो ह्यात. गवंड्याला बोल लावला, पण चूक कुणाची ते कळेना."

चूक गवंड्याची असेलही, पण मुळात हा काळीचा स्वभाव आहे. आपली काळी काळ्या फत्तराच्या झिजेतून झाली. तिच्यातल्या चिकणमातीचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांच्या थप्प्या. पापुद्र्यांत पाणी शिरले की थप्पी फुगते, सुकले की आवळते. पिकाला हे मानवते, भिंतीला नाही. घराच्या कडेची माती पावसाने फुगते, मधली कोरडीच राहते. मग घर एका अंगाने उचलले जाते आणि भिंत तडकते. म्हणूनच की काय, जुन्या माणसांनी गाव पांढरीत वसवले आणि काळी पेरायला ठेवली. आज आपण रानात राहायला आलो आणि घरही काळीत आले.

ह्या स्वभावाचे गणित मांडता येते बरे का! स्वीडनच्या अ‍ॅटरबर्ग यांनी १९११ साली माती किती ओलाव्याला वळते आणि किती ओलाव्याला वाहू लागते, ह्याच्या मर्यादा ठरवल्या. प्रयोगशाळेत आजही मातीची ३ मिलिमीटर जाडीची वळी वळून पाहतात. मुठीत ढेकूळ दाबून आपण वाफसा पाहतो, त्याचीच ही भावंडे. १९२५ साली टर्झागी यांनी दाखवले, की ओल्या चिकणमातीवर भार आला म्हणजे तो आधी पाणी झेलते. पाणी हळूहळू निघून जाते तसा तो मातीवर येतो आणि माती दबते. थर दुप्पट जाड असेल तर दबायला चौपट वेळ लागतो. पुढे केंब्रिजच्या संशोधकांनी भार, कणांमधली पोकळी आणि घसरण ह्यांची सूत्रे एकत्र बांधली. कोरडी माती पाणी ओढून घेते, ती ओढ १९९० साली बार्सिलोनाच्या मंडळींनी गणितात आणली.

आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.चे प्रा. कट्टी यांनी काळीवरच काम केले. चिकट पण न फुगणाऱ्या मुरमाचा सुमारे मीटरभर थर काळीवर दाबून बसवला तर तिचे फुगणे आवरते, असे त्यांनी दाखवले. काळ्या रानातल्या कालव्यांच्या अस्तराखाली ही युक्ती वापरतात.

आता तुमच्या कामाचे. घर बांधण्याआधी माती वाळवून, बारीक चाळून दोन मोजपात्रांत १०-१० ग्रॅम घाला. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल ओता, ढवळा आणि एक दिवस ठेवा. रॉकेलात माती फुगत नाही. तिथे ती १० मिलिलिटरच्या खुणेवर आणि पाण्यात १५ वर बसली, तर फुगवटा ५० टक्के झाला. त्याच्या वर गेला तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाया खणू नका. खोल काळीत तळाशी कंद असलेले, निदान साडेतीन मीटर खोलीचे खांब घालतात. रुरकीच्या संशोधन संस्थेने ही रीत रुजवली.

आणि घर आधीच उभे असेल तर? पागोळ्यांचे पाणी जोत्याशी मुरू देऊ नका, न्हाणीचे पाणी दूर काढा, उसाचा पाट भिंतीला लागून नेऊ नका. त्या घरधन्याला आम्ही हेच सांगितले. निघताना पाहिले तर न्हाणीचे पाणी नेमके चिरेखालीच मुरत होते. त्याने तिथल्या तिथे फावडे उचलले.