गाड्या आणि हमाल

पावसच्या आमच्या वसतिगृहाच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या होत्या. त्यांना टेकून अभ्यास केला की सदऱ्याच्या पाठीवर तांबडा डाग पडे. नववीत विज्ञानाच्या सरांनी त्याच भिंतीवर बोट ठेवून सांगितले, की या चिऱ्यात लोह आणि ॲल्युमिनिअम यांची ऑक्साइडे असतात. मग फळ्यावर उदाहरण आले : ५१ ग्रॅम ॲल्युमिनिअम ऑक्साइडमध्ये ॲल्युमिनिअमचे आयन किती मोल?

त्याआधीचे मिठाचे गणित आम्ही सहज सोडवले होते. सोडिअम क्लोराइडच्या एका मोलाचे वस्तुमान ५८.५ ग्रॅम, म्हणून स्वयंपाकघरातून तोलून आणलेले ११७ ग्रॅम मीठ म्हणजे २ मोल. त्यात सोडिअमचे आयन २ मोल आणि क्लोराइडचेही तितकेच. त्या यशानेच आमचा घात केला. नव्या गणितात २७ची दुप्पट ५४ आणि १६ची तिप्पट ४८ यांची बेरीज १०२ आली; ५१ला १०२ने भागून आम्ही सर्वांनी मोठ्या आत्मविश्वासाने 'अर्धा मोल' लिहिले.

एकाने मात्र १ मोल लिहिले होते. त्याचे वडील चिरेखाणीवर कामाला होते आणि सुट्टीत तोही तेथे जाई. सरांनी त्याला फळ्यापाशी बोलावले. तो आमच्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही गाड्या मोजल्यात. हमाल कुठे मोजलेत?"

एका गाडीवर ॲल्युमिनिअमचे दोन हमाल, ऑक्सिजनचे तीन. गाड्या अर्धा मोल; म्हणजे ॲल्युमिनिअमचे आयन १ मोल, ऑक्साइडचे दीड मोल. एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १०चा २३वा घात इतके कण, हे आम्हांला तोंडपाठ होते; पण कण कशाचे, हा प्रश्न आधी विचारायचा असतो, हे त्या दिवशी उमगले. मिठाच्या गाडीवर प्रत्येकाचा एकच हमाल असल्यामुळे आमची चूक झाकली गेली होती. मीठ पाण्यात विरघळून आयन सुटे होतात, हे ऑक्साइड विरघळत नाही. तरी स्फटिकात जखडलेले आयन मोजायचे ते असेच, ही पुस्ती सरांनी जोडली. मग चुन्याचे गणित घातले. ३७ ग्रॅम विरलेल्या चुन्यात कॅल्शिअमचे आयन अर्धा मोल, हायड्रॉक्साइडचे १ मोल. या वेळी कोणीही चुकले नाही.

दहावीच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परतला नाही. वडिलांच्या हाताला इजा झाली होती आणि घरात मिळवते दुसरे कोणी नव्हते. सर दोनदा त्याच्या गावी जाऊन आले. त्याची पेटी मार्चपर्यंत आमच्या खोलीत होती. बोर्डाच्या परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही त्याचीच वही उघडून मोलाची गणिते केली. वही परत करायची राहिली, हे आज लिहिताना संकोच वाटतो.

त्याची मुलगी यंदा आपल्याच शाळेत आठवीत आली आहे. मोलाचा धडा तिला पुढल्या वर्षी आहे. वही आम्ही तिच्याकडे दिली.