पायाखालची लादी

पुण्याकडची माणसं जिला फरशी म्हणतात तिला आम्ही काशीदला लादी म्हणतो. शब्द कोणताही असो, वस्तू एकच. माणसाच्या पायाखाली पडून राहणारी, आणि म्हणूनच जिच्याकडे कोणी फारसं बघत नाही अशी. मीही बघत नव्हते. पण आमच्या घरात या लादीनं जेवढे अबोले आणि जेवढी जागरणं घडवली तेवढी दुसऱ्या कशानंच घडवली नसतील, म्हणून तिच्याविषयी लिहायला बसले आहे.

मी लहान असताना आमच्याकडे लादी नव्हतीच. ओटी, माजघर, मागची पडवी, सगळी जमीन मातीची. चोपण्यानं चोपलेली आणि शेणानं सारवलेली. आजी सारवायला बसली की तिच्या हाताचे अर्धगोल एकापुढे एक उमटत जात आणि ती स्वतः हळूहळू मागे सरकत दारापर्यंत येई. मला तिनं सारवायला शिकवलं तेव्हा मी दुसरीत असेन. "हात घासू नको गो, फिरव," ती म्हणायची. वाळलेल्या जमिनीवर पाय ठेवला की उन्हाळ्यात गार लागे आणि पावसाळ्यात ऊबदार. निदान मला तसं आठवतं. आईला विचाराल तर ती ढेकणीएवढे पडणारे पोपडे, पिसवा आणि दुखणारी कंबर आठवेल. शेणाच्या जमिनीचं कौतुक, ती सारवावी लागत नाही त्यांनीच करावं!

२०१५ साली बाबांनी लादी घालायचं ठरवलं. काशीद हे अलिबागहून मुरूडला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. पुळण पांढरी, काठाला सुरूची झाडं. शनिवार आला की मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. गावात घरोघरी खोल्या भाड्यानं द्यायला सुरुवात झाली होती. "शेणाच्या जमिनीवर कोण येऊन राहणार?" बाबांचा प्रश्न बिनतोड होता. त्यांनी दोन फूट बाय दोन फुटांची, आरशासारखी चकचकीत व्हिट्रिफाइड लादी पसंत केली. मोजून वीस खोकी आणली. एकही जास्त नाही, आणि ही चूक पुढे फार महागात पडली.

त्याहून मोठी चूक मात्र वेगळी होती. नदीची रेती त्या वर्षी परवडेना. पुळण तर घरापासून हाकेच्या अंतरावर. किनाऱ्यावरची वाळू उपसायला सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१ सालच्या अधिसूचनेपासून मनाई आहे, हे बाबांना ठाऊक नव्हतं असं नाही. म्हणून तर ते रात्री गेले. दादा पाट्या भरत होता, बाबा वाहत होते, आणि बॅटरी मी धरली होती. मला त्या रात्री फार मजा वाटली होती. आजी ओटीवर बसून बघत होती. पहिली पाटी आत आली तेव्हा एवढंच म्हणाली, "दर्याची वाळू घरात घेऊ नको रे. ती पाण्याला हाक मारते." बाबांनी हे म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

आता शास्त्रही तेच सांगतं, फक्त भाषा निराळी. समुद्राच्या वाळूत मीठ असतं. मीठ हवेतला ओलावा ओढतं, जमिनीतूनही पाणी वर येत असतंच. त्या पाण्यात विरघळलेलं मीठ सांध्यांतून वर चढतं आणि पाणी उडालं की तिथेच खडे धरतं. आमच्याकडे याला लोणा म्हणतात. पहिल्याच पावसाळ्यानंतर लाद्यांच्या सांध्यांवर पांढरी रेघ दिसू लागली. आई ती पुसायची, आठ दिवसांत ती परत यायची. चाखून बघितली तर खारट.

पण पाहुणे यायला लागले होते आणि चार पैसेही. घरात चकचकीत लादी, लादीत पंख्याचं प्रतिबिंब. पाहुण्यांच्या लहान मुली त्यात स्वतःला बघून नाचायच्या. फक्त आजी भिंतीला धरून चालू लागली. "ही लादी पायाला वळख देत नाय," असं तिचं म्हणणं. आम्ही हसायचो.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ दुपारी आमच्या किनाऱ्यावर आलं. त्याचं वर्णन करायला बसले तर हा लेख लादीचा राहणार नाही. सुरूची झाडं आडवी झाली, नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. आमची निम्मी कौलं उडाली. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूरला कारखाना काढल्यापासून ही मंगळुरी कौलं सगळ्या किनाऱ्यानं घरांवर चढवली. पण त्या दुपारी ती पानांसारखी उडताना पाहिली. घरात पाणी साचलं. आधी टाळेबंदी, त्यात हे वादळ, त्यात कित्येक दिवस वीज नाही. पाणी उपसलं, कौलं मिळतील तशी घातली, पण लादीखालचा ओलावा कोण उपसणार?

पुढच्या उन्हाळ्यात एका रात्री माजघरात टक्‌ असा आवाज झाला. दादानं उठून दिवा लावला. दोन लाद्यांनी एकमेकींना ढकलून, छपरासारखा उभा कोन केला होता. मग रोज कुठे ना कुठे टक्‌ व्हायचं. बाबा उठलेली लादी दाबून बसवायचे, वरून व्हाइट सिमेंट भरायचे. चार दिवसांनी शेजारची उठायची.

जुलै २०२१ मध्ये आजी पडली. पहाटे उठून मागच्या पडवीकडे निघाली होती. ओल्या हवेत लादीवर घाम धरलेला, त्यात काठी वर आलेल्या लादीच्या कडेला अडकली. खुब्याचं हाड मोडलं. अलिबागला नेलं, शस्त्रक्रिया झाली, सळई घातली. घरी आणल्यावर तिनं मागच्या पडवीतली जागा मागून घेतली, कारण घरात तेवढाच तुकडा शेणाचा उरला होता. बाबा दोन महिने तिच्याशी नजर भिडवून बोलले नाहीत. ती काही म्हणाली असती तर बरं झालं असतं. बॅटरी धरणारा हात कुणाचा होता हेही तिनं कधी काढलं नाही. मीच रोज तिचे पाय चेपताना मनात काढत असे.

दुरुस्ती करायला पैसे जमायला दोन वर्षं गेली. एका ओळखीच्यांनी रेवदंड्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना पाठवलं. मिस्त्रीकाका आले, काही न बोलता उकिडवे बसले आणि खिशातल्या नाण्यानं एकेक लादी वाजवत निघाले. भरीव लादीचा आवाज बद्द, पोकळ लादीचा खुळखुळा. अर्ध्याहून जास्त खुळखुळ्या निघाल्या. बाबा म्हणाले, "तेवढ्या बदलू." काका म्हणाले, "हीच लादी आणा, बदलतो." ती कुठे मिळणार? खोक्यावर छटेचा आणि घाणीचा क्रमांक छापलेला असतो; एका घाणीची छटा दुसरीशी तंतोतंत जुळत नाही, आणि आमचा नमुना तर बंदच झाला होता. दोन खोकी खाटेखाली टाकून ठेवली असती तर, असं बाबा अजूनही म्हणतात.

मग काकांनी एक लादी छन्नीनं उचकटली, खालचा माल चिमटीत धरून जिभेला लावला आणि बाबांकडे बघितलं. बाबांनी मान खाली घातली. "सगळं काढायला लागंल," काका म्हणाले. "मीठ ठेवून वर काही बी घाला."

त्यांनी त्या दिवशी आणखीही सांगितलं. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या पाण्यावर ती धरत नाही, तिला चिकटवणारा वेगळा माल लागतो. आमच्या लाद्या एकीला एक खेटून बसवलेल्या, त्यांना अंग पसरायला जागाच नव्हती. दोन-तीन मिलिमीटरचा सांधा हवा आणि भिंतीकडेला थोडी फट. काकांचे वडील मुंबईत गिरगाव-दादरच्या घरांत नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या बसवत. त्या लाद्या भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंग ओतून दाबतात आणि पाण्यात मुरवतात. १९२२ साली सिधवांनी स्वदेशीच्या भरात अशा लाद्यांचा कारखाना काढला तो आमच्याच जिल्ह्यात, उरणला, हे मला त्यानंतर शोधल्यावर कळलं. त्या लाद्या घराघरांत अजून टिकून आहेत. काका त्यांच्याविषयी, एखाद्या जुन्या गवयाविषयी बोलावं तसं बोलत.

आता प्रश्न आला निवडीचा. आजकालच्या बहुतेक सिरॅमिक लाद्या गुजरातेतल्या मोरबीहून येतात. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू नदीवरचं धरण फुटून जे गाव बुडालं तेच हे मोरबी. दुकानात गेलं की डोळे फिरतात. लाकडासारखी लादी, दगडासारखी लादी, चक्क सारवलेल्या जमिनीसारखी लादी! यंत्रानं छापलेले ते अर्धगोल बघून मला हसू आलं आणि थोडं रडूही. बाबांना पुन्हा चकचकीतच हवी होती. पाहुणे फोटो बघून खोली घेतात. आईला खरखरीत नको होती, कारण पाहुण्यांच्या पायांची पुळण खरखरीत लादीत अडकते आणि ती घासायची कोणी? दोघांचंही खरं होतं. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही.

शेवटी मी दुकानदाराकडून सहा नमुने मागून आणले आणि मागच्या पडवीत मांडले. लोटाभर पाणी ओतलं. आजी खुर्चीत बसली, एकेका लादीवर पाय ठेवी, टाच दाबून पुढे रेटून बघे. पहिल्या दोन तिनं लगेच नाकारल्या. चौथीवर तिचा पाय जागीच राहिला. "ही माझी," ती म्हणाली. ती सगळ्यांत खरखरीत होती. आईचा चेहरा पडला. आजीनं तो बघितला असावा, कारण तिनं पाचवीवर परत पाय ठेवला, जरा जास्त वेळ ठेवला आणि म्हणाली, "माजघरात ही चालंल. ती न्हाणीत नि पडवीत घाला." बाबांच्या चकचकीत लादीला फक्त ओटीच्या भिंतीवर चार फूट उंचीची जागा मिळाली. तिथे कोणी चालत नाही.

काम पंधरा दिवस चाललं. खारट माल सगळा काढून टाकला. दगडाचं सोलिंग, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, त्यावर कोबा. नदीची रेती आली तेव्हा काकांनी तीही आधी चाखली. न्हाणीला नि पडवीला मोरीकडे ढाळ दिला. पाण्यानं भरलेल्या नळीची दोन टोकं धरून पातळी बघायचं काम माझ्याकडे होतं. सिरॅमिकच्या लाद्या बसवण्याआधी टबात भिजत घालाव्या लागतात. कोरडी लादी मालातलं पाणी पिऊन टाकते आणि माल कच्चा राहतो. भिजताना त्यांतून बुडबुडे येतात. बुडबुडे थांबले की लादीची तहान भागली, असं काका म्हणायचे. मी टबापाशी बसून बुडबुडे बघत राहायची. आजीचा शेणाचा तुकडा मात्र या कामात गेला. तिनंच सांगितलं, घालून टाका म्हणून. सारवणार कोण?

या खेपेला प्रत्येक नमुन्याची दोन खोकी जास्तीची आणली आणि ती आजीच्या खाटेखाली ठेवली.

शेवटच्या दिवशी मिस्त्रीकाका हिशेब घ्यायला ओटीवर बसले होते. बाबा पैसे मोजत होते. तेवढ्यात आजी काठी टेकत पडवीतून निघाली. पडल्यापासून ती माजघरात आली नव्हती. एकेक लादीवर ती काठीचं टोक आपटत होती आणि कान देत होती. बद्द. बद्द. बद्द. माजघर संपवून ती न्हाणीच्या उंबऱ्याशी थांबली. तिथल्या कोपऱ्यातली लादी तिनं दोनदा वाजवली, मग तिसऱ्यांदा.

"मिस्त्री, इकडं या."

काका उठले, उकिडवे बसले, नाण्यानं वाजवून बघितलं. मग काही न बोलता पिशवीतून छन्नी काढली. लादी उचकटली, खाली माल भरला, पाण्यातून दुसरी काढून बसवली, रबरी हातोड्यानं ठोकली. अर्धा तास गेला. बाबा हातात नोटा धरून उभे होते.

"आता दे त्यांना," आजी म्हणाली.