केस किती कापायचे?

मागच्या महिन्यातली गोष्ट. क्लायंटबरोबर कॉल चालू होता. टीममधला सगळ्यात ज्युनियर मुलगा, लातूरकडचा, स्क्रीन शेअर करून सांगत होता, "धिस रिलीज हॅज लेस बग्ज." आणि मी भर कॉलवर म्हणालो, "फ्यूअर. फ्यूअर बग्ज."

तो थांबला. "सॉरी सर, फ्यूअर," म्हणाला आणि उरलेलं कसंबसं उरकलं. पुढच्या तिन्ही कॉल्सना त्याचं एकच वाक्य, "नथिंग फ्रॉम माय साइड." त्यातल्याच एका कॉलवर खुद्द क्लायंट "लेस टिकेट्स धिस वीक" म्हणाला. पक्का अमेरिकन माणूस. त्याला कोण सांगणार?

नियम तसा सोपा. मोजता येतं त्याला फ्यूअर, मेनी. येत नाही त्याला लेस, मच. आपल्या भाषेत सांगायचं तर एक इंट, दुसरं फ्लोट. (पाच किलोमीटर मोजता येतात, तरी तिथे लेस दॅनच, कारण अंतर, वेळ, रक्कम हे सगळं मिळून एक माप धरतात.)

गोची अशी की काय मोजायचं हे प्रत्येक भाषा आपापलं ठरवते. आई तांदूळ 'धुते' तेव्हा ते 'धुतले' जातात, गहू 'निवडले' जातात, पोहे 'भिजवले' जातात. सगळे अनेकवचनी. शिजला की मात्र भात एकटा! इंग्रजीत राइस कच्चा असो की शिजलेला, मोजायचा नाही. पैसे आपण मोजतो, मनी मोजता येत नाही (महिनाअखेरीला हे पटतं). आणि 'कमी' आपल्याकडे दोन्हीला चालतं, कमी पाणी, कमी बग्ज. बिचाऱ्याने तेच तर केलं होतं.

मीही काही आईच्या पोटातून फ्यूअर शिकून आलो नव्हतो. पहिल्यांदा ऑनसाइट गेलो तेव्हा न्यू जर्सीत न्हाव्याला म्हणालो, "कट माय हेअर्स." त्याने विचारलं, "ऑल ऑफ देम?" न्हाव्याचं काही वाटलं नाही. बरोबरच्या रूममेटने सोमवारी अख्ख्या ऑफिसला सांगितलं, ते लागलं. तेव्हापासून मी व्याकरणाचा हवालदार झालो.

कॉलनंतर खोदकाम केलं. हा नियम सहसा रॉबर्ट बेकर नावाच्या माणसापर्यंत नेतात. १७७० साली त्याने 'नो लेस दॅन अ हंड्रेड'पेक्षा 'नो फ्यूअर' बरं वाटतं असं लिहिलं. म्हणजे मुळात एकाची आवड! त्याआधी, नवव्या शतकात राजा आल्फ्रेडच्या लिखाणातही मोजायच्या गोष्टींना लेस सापडतो. तरी २००८ साली टेस्कोने 'टेन आयटम्स ऑर लेस' या पाट्यांच्या जागी 'अप टू टेन आयटम्स' आणल्या. भांडणच मिटवलं.

'इन्फर्मेशन्स' आणि 'सॉफ्टवेअर्स' मी डॉक्युमेंटमधे अजूनही खोडतो, खोडत राहीन. पण डॉक्युमेंटमधे.

शुक्रवारी त्याला टपरीवर नेलं. आधी सॉरी म्हणालो, मग न्हाव्याची गोष्ट सांगितली. तो हसेल असं वाटलं होतं. कटिंगचा ग्लास हातात धरून जरा वेळ विचार केला, मग म्हणाला, "सर, म्हणजे हेअर्स चूक आहे?"

सोमवारचा डेमो तो देणार आहे. मी म्यूटवर.